रक्तातली साय

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हाला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून पत्रं लिहिण्याचं खातं माझ्याकडे आलंय, कारण तुमच्या बंधुराजांच्या हातात पेन दिलं की त्यांचा हात दुखायला लागतो. तोच हात दिवसभर क्रेनच्या दांड्यावर असतो, तेव्हा मात्र काही होत नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तुम्ही सगळ्या जगाला एकमेकांशी जोडून दिलंत आणि शेवटी तुमचाच कान तुटला, याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यामुळे माझं अक्षर सुधारलं, हेही खरं.

आता मुद्द्याचं. कंपनीची दर वर्षीची तपासणी झाली. क्रेनवाल्यांचे डोळे, कान, रक्तदाब, रक्त, सगळं बघतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यांना पुन्हा बोलावलं, म्हणून मी पोहण्याच्या तलावावरच्या माझ्या तिकीट खिडकीत दुसरीला बसवून बरोबर गेले. डॉक्टरांनी रक्ताची नळीच दाखवली. रक्त खाली बसलं की वर स्वच्छ पिवळसर पाणी दिसायला हवं म्हणे. यांच्या नळीत वर साय ढवळून टाकल्यासारखं गढूळ पांढरं होतं. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी दीडशेच्या आत असावी, ती चारशेच्या वर गेलीय. चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल कमी. आणि साखर अजून मधुमेहाची नाही, पण उंबरठ्यावर उभी आहे.

मी म्हटलं, हा माणूस बांबूसारखा सडसडीत, गोडाला फारसा शिवत नाही, याला कसली साखर? डॉक्टर म्हणाले, बाहेरून सडपातळ दिसणाऱ्याच्याही रक्तात आणि यकृतात चरबी साठते. मग इन्सुलिन हाका मारतं आणि शरीराला त्या नीट ऐकू येत नाहीत, साखर आत घेतली जात नाही, रक्तातच फिरत राहते. (ताई, रागावू नका, शब्द त्यांचेच आहेत.) यांच्या वडिलांना मधुमेह होता म्हटल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी विचारलं, म्हणजे होणारच का? तर म्हणाले, तसं नाही. मग नाही होणार का? तर म्हणाले, तसंही म्हणता येत नाही.

हे सगळं चालू असताना हे छताकडे बघत होते. घरी येताना एवढंच बोलले की त्या डॉक्टरांची खुर्ची फार बुटकी आहे.

दोष तरी कशाला देऊ? सकाळी शिडीनं वर चढले की उतरायचं ते संध्याकाळी. खाणं दोरीला बांधलेल्या बादलीतून वर जातं. खालची पोरं त्यात जे टाकतील ते, म्हणजे तळलेले बटाटे, बिस्किटं, थंड गोड बाटली. बसल्या जागी पोटात जातं आणि बसल्या जागीच राहतं. आमची खारू पंधरा वर्षांची झाली तरी घरात झाडावर चढल्यासारखी वावरते, आणि बाप मात्र खुर्चीत.

तुमचं हे ऐकतात, म्हणून लिहिलं. आमच्यावर आहे तसाच जीव असू द्यावा.

तुमची,
वहिनी


दि. २० फेब्रुवारी

चि. सौ. तिकीटबाईस,
अनेक आ.

डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. आमच्या घराण्यात बहिरेपण वरपासून खालपर्यंत पसरलेलं दिसतंय.

थट्टा इथे संपली. तू घरात आलीस तेव्हा बाबा गेलेले होते, म्हणून तुला काही ठाऊक नाही. ते घरं रंगवायचे. दिवसभर शिडीवर उभं राहून पायाच्या तळव्याला एक फोड आला. तो भरेना, म्हणून दवाखान्यात गेले, आणि तिथे कळलं की साखर कित्येक वर्षांपासून अंगात मुरलीय. चरबी वगैरे तेव्हा कोण मोजत होतं? आधी दोन बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. शेवटी नजर. अंथरुणावरून मला विचारायचे, समोरची भिंत कोणत्या रंगाची आहे? मी सांगायची. थोड्या वेळानं परत विचारायचे. तुझा उंच नवरा, माझा उंट, तेव्हा लांबच्या बंदरावर कामाला होता. त्यानं हे ऐकलंय, पाहिलेलं नाही. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत फार अंतर असतं.

म्हणून मी तुला सांगते, हे आपल्याला आधी कळलंय ही लहान गोष्ट नाही. बाबांच्या नशिबी ते नव्हतं. त्या बादलीत काय जातं ते उद्यापासून तू ठरव. त्याला चालव, पळव, तुझ्या त्या तलावात ढकल. फुकट पास मिळतो ना तुला?

आणि उंटा, हे पत्र तुझी बायको जेवताना मोठ्यानं वाचणार आहे, तेव्हा छताकडे बघू नकोस. तुला रस्त्यावरून शाळेत मी नेलंय. अजूनही कान धरायला येईन.

खारूला पापा. माझ्या बोलण्याचा राग धरू नका, माया धरा.

तुझी,
ताई


दि. १८ मे

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवताना मोठ्यानं वाचलं.  दुसऱ्या दिवशी हे पोहायची चड्डी घेऊन आले, तीही इतकी मोठी की दोघं मावतील.

ताई, तुम्ही असायला हव्या होत्या. एवढा उंच माणूस, आकाशात बसून टनाटनानं लोखंड उचलणारा, तो कमरेइतक्या पाण्यात बगळ्यासारखा नुसता उभा. आजूबाजूला शिशुवर्गातली मुलं डुबक्या मारतायत. मी खिडकीतून बघत होते आणि हसू दाबताना मला ठसका लागला. शेवटी खारूनं पाठीखाली हात धरून त्यांना तरंगायला शिकवलं. आता सरळ टोकापर्यंत जाऊन येतात. दम लागतो, पण जातात.

बादलीत आता काकडी, उकडलेली अंडी, भाजलेले दाणे आणि साधं पाणी. खालच्या पोरांनी एकदा त्यात गवताची पेंढी बांधून पाठवली, वर चिठ्ठी, की उंटाला चारा. हे नाव त्यांना कुणी सांगितलं असेल? मी तर नाही.

आणि ऐका. परवा पुन्हा रक्त तपासलं. चारशेवरची चरबी दोनशेच्या जवळ आलीय! साखर आहे तिथेच आहे, पुढे सरकली नाही, आणि डॉक्टर म्हणाले की न सरकणं हेच मोठं काम. मला रस्त्यातच रडू आलं. हे म्हणाले, चांगली बातमी आहे ना, मग वाईट बातमीला काय करणार आहेस?

तुमचा कान दुखायचा थांबला का? मधल्या चिठ्ठीत चक्कर येते म्हणालात, तर एकट्या जिना उतरू नका. तुमचा वचक असाच राहू द्या, मायेसकट.

तुमची,
वहिनी


दि. ३ ऑक्टोबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं आणि वाईट लिहवत नव्हतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला नव्या इमारतीचं काम सुरू झालं. दोन क्रेनवाले सोडून गेले, त्यांच्या पाळ्या यांच्या गळ्यात आल्या. पोहणं थांबलं, चालणं थांबलं. रात्री घरी येतात ते अंथरुणालाच टेकतात. बादली पुन्हा पोरांच्या हातात गेली. मी डबा भरून देते, तो कधी खाल्लेला असतो, कधी तसाच परत येतो. मी भांडले, गोड बोलले, अबोला धरला, काही उपयोग नाही. त्यांनाही कळतं, ताई. ते हट्टानं करत नाहीत. दमलेल्या माणसाला समोर जे येईल ते तो खातो.

मग तहान सुरू झाली. सारखं पाणी, सारखं लघवीला. शर्ट अंगावर लोंबायला लागले. जबरदस्तीनं कंपनीबाहेरच्या डॉक्टरांकडे नेलं. चरबी पहिल्यापेक्षाही वर, आणि साखर उंबरठा ओलांडून पार घरात शिरलेली. एक गोळी साखरेची दिली, एक चरबीची. म्हणाले, आता एक दिवसही चुकवू नका.

इथे गाडी अडली. यांच्या कंपनीचा नियम असा की साखरेचं औषध चालू असलेल्या माणसाला क्रेनवर बसवायचं नाही. वर चक्कर आली तर? नियम मला चुकीचा वाटत नाही. काल त्यांची पिशवी धुवायला काढली, तर गोळ्यांची पाकिटं जशी आणली तशीच. एकही गोळी फोडलेली नाही. मी समोर धरली. ते शांतपणे म्हणाले, औषध चालू आहे का असं विचारलं तर नाही म्हणावं लागतं, आणि मला खोटं बोलायला आवडत नाही.

ताई, ते माणसांच्या डोक्यावरून खिडक्यांच्या काचा नेतात. खाली तीस-चाळीस जण काम करत असतात, त्यांच्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. मी जाऊन कंपनीत सांगू का? सांगितलं तर हे मला आयुष्यात माफ करणार नाहीत. क्रेन गेली तर त्यांच्यात काय उरेल, मला माहीत नाही. नाही सांगितलं आणि काही झालं, तर मी स्वतःला माफ करणार नाही. काल खिडकीत मी मिशीवाल्या माणसांना लहान मुलांची तिकिटं देत होते.

काय करू ते कळवा. तुमच्याशिवाय मला कुणाचा आधार नाही, तेवढा काढून घेऊ नका.

तुमची,
वहिनी


दि. १८ ऑक्टोबर

चि. सौ. वहिनीस,
अनेक आ.

कंपनीला सांग, असं लिहिलं आणि खोडलं. सांगू नकोस, असं लिहिलं, तेही खोडलं. हा तिसरा कागद.

त्याला मी वेगळं पत्र टाकलं होतं. चार पानं. रागावले, विनवलं, बाबांच्या पायाचं सगळं लिहिलं, जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेही. उत्तर आलं दोन ओळींचं. वर हवा छान आहे, लांबचे डोंगर दिसतात, तू काळजी करू नकोस. उंटानं माझ्या चार पानांवर डोंगर ठेवून दिले.

निघून यावं म्हणून पिशवी भरली होती. स्टेशनपर्यंतसुद्धा पोचले नाही. कोपऱ्यावरच जमीन फिरायला लागली, चांभाराच्या दुकानात बसून राहिले, त्यानंच घरी आणून सोडलं. कानाच्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलंय. तेव्हा कान धरायला येईन म्हणाले होते ती मी, इथे घरातल्या घरात भिंतीला धरून चालतेय.

तू मला विचारतेस काय करू. माझ्याकडे उत्तर असतं तर बाबांच्या वेळी वापरलं नसतं का? मी त्यांचं सगळं केलं. पट्ट्या बदलल्या, पथ्याचं रांधलं, पाय चेपले, उरलेला एक पाय चेपला. लोक माझं कौतुक करायचे. आजाराला त्या कौतुकाचं काही नव्हतं. तो आपल्या चालीनं चालत राहिला.

एवढंच सांगते. जे करशील ते त्याला सांगून कर, मागून करू नकोस. आणि जे करशील ते चूक होतं असं मी कधी म्हणणार नाही. हे पत्र जपून ठेव, म्हणजे मी पलटले तर दाखवता येईल.

मला दुसरं काही देता येत नाही. माझा जीव तुमच्यात आहे, तो तिथेच राहू दे.

तुझी,
ताई


दि. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

मी लिहितोय हे बघून घाबरू नकोस. हातपाय शाबूत आहेत, सगळ्यांचे.

बायकोनं मला मुदत दिली होती. म्हणाली, रविवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर सोमवारी मी जाईन, आणि आत्ताच तोंडावर सांगतेय. मी ऐकून घेतलं आणि कामावर गेलो. रविवार यायचाच होता.

गेले काही दिवस मला लांबचं धूसर दिसत होतं. केबिनच्या काचेवर धूळ बसलीय असं मी धरून चाललो. बाहीनं काच पुसायचो, आतून पुसायचो, बाहेर हात काढून पुसायचो. परवा खिडक्यांच्या काचांचा मोठा गठ्ठा वर घ्यायचा होता. वरच्या मजल्यावर पिवळे हातमोजे घालून मामा उभा होता. मामा म्हणजे आमचा खुणा करणारा, सगळे त्याला मामाच म्हणतात. वारा होता, वायरलेसवर खरखर होती, म्हणून हातानं खुणा चालू होत्या. उघडा पंजा म्हणजे थांब, खाली वळवलेलं बोट म्हणजे सोड. ताई, मला पंजा की बोट तेच कळेना. तिथे नुसता पिवळा डाग हलत होता. गठ्ठा हवेत, आणि खाली टोप्याच टोप्या.

मी ब्रेक लावला आणि दांड्यावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. वायरलेसवर सांगितलं, मला दिसत नाहीये. त्यांना वाटलं गंमत करतोय. परत सांगितलं, दुसऱ्याला वर पाठवा, खालची माणसं हलवा. तो शिडी चढून येईपर्यंत मी तसाच बसून होतो. वाऱ्यानं गठ्ठा हलायचा, तेवढी केबिन हलायची. इतकी वर्षं मी उंचीला घाबरलो नाही. परवा स्वतःच्या हातांना घाबरलो.

खाली उतरलो आणि इंजिनियरला सगळं सांगितलं. औषध, न घेतलेलं औषध, सगळं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मामानं हातमोजे काढले, माझ्याशेजारी बसला आणि पाणी हवं का विचारलं. मी म्हटलं, अरे, मला तीन महिने पाणीच हवंय. मग मी गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि त्यानं माझी पाठ धरली.

गोळ्या सुरू केल्या. केबिन आता मिळणार नाही. बायकोनं माझं हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि पान वाढलं.

तुझ्या चार पानांना मी दोन ओळींचं उत्तर दिलं. चारही पानं वाचली होती, बाबांच्या पायाचं पान दोनदा. वाचून गोळी घ्यायला उठलो होतो. घेतली नाही. का घेतली नाही हे मला अजून सांगता येत नाही. रागाव, पण टाकू नकोस.

तुझा,
उंट


दि. १५ जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

यांना खालच्या कोठारात काम दिलंय. दोरखंड, साखळ्या, लोखंडी आकडे तपासून द्यायचे. करतात नीट. साखर उतरली तशी नजर निवळली. चरबी निम्म्यावर आली. डॉक्टर खूश आहेत. पण साखर आता गेली असं म्हणू नका, म्हणाले, तिला जन्मभर धरून ठेवायचंय. दुपारी मी डबा घेऊन जाते, तेव्हा हे बोलता बोलता मध्येच वर बघतात. वर केबिनमध्ये दुसरा कुणीतरी बसलेला असतो. मी डबा पुढे करते आणि मीही वर बघायचं टाळते.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. डॉक्टर म्हणाले, घराण्यात असं आहे तर मुलीचंही रक्त एकदा बघून ठेवू. मला वाटलं, खारूचं काय बघायचंय, वाऱ्यासारखी पळते. ताई, तिचीही चरबी वाढलेली निघाली. बापाइतकी नाही, पण या वयात असावी त्यापेक्षा बरीच जास्त. साखर अगदी ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा आजार नाही, नुसती शक्यता आहे, पण आत्तापासून लक्ष ठेवा.

रिपोर्ट तिनंच आधी वाचला. जेवायला बसल्यावर बापाला सरळ विचारलं, आजोबा, मग तुम्ही, मग मी का? हे उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी म्हटलं, वेडी आहेस का, तुला काही होत नाही. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला, तिला वाटला नसेल का?

तेव्हापासून ती आमच्याबरोबर जेवत नाही. उशिरा येते, उभ्या उभ्या थोडंसं खाते, प्रत्येक पुड्यावरचं मागचं बारीक अक्षर वाचते आणि अर्धं टाकून देते. तलावावर यायची, तेही बंद झालं. यांना वाटतं ती आपल्यावर रागावलीय. ते तिच्याशी बोलायला जातात आणि दोरखंडांचं काहीतरी सांगून परत येतात.

तुम्ही तिला लिहा. काय लिहायचं ते मला सुचत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतेय. आमच्या तिघांवरही नजर असू द्या.

तुमची,
वहिनी


दि. २४ जानेवारी

चि. खारूस,
खूप खूप आ.

तुझी आई म्हणते, तुझी भीती जाईल असं काहीतरी लिहा. तसं मला लिहिता येत नाही. तू पंधरा वर्षांची आहेस आणि रिपोर्ट वाचू शकतेस, तुला मी काय फसवणार?

एक गोष्ट मी तुझ्या आईबापाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षी तुझ्या बाबाचं कळलं, तेव्हा मीही गुपचूप रक्त तपासून आले. माझं सगळं चोख निघालं. चरबी, साखर, सगळं. मी, जिनं एक्स्चेंजच्या खुर्चीवर बसून गोड चहाचे घडे रिचवले, कधी धावले नाही, कधी काही सोडलं नाही. रिपोर्ट हातात घेऊन मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एकाच आईबापाची आम्ही दोघं, मी काहीही न करता सुटले आणि तो काहीही न करता सापडला. याचा हिशेब कुणाकडे मागायचा ते मला या वयातही कळलेलं नाही.

तेव्हा तुला, तुझी काही चूक नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. पुढचं नाही. तू खाशील, पळशील, पोहशील, त्यानं ते लांब जाईल, बहुतेक पुष्कळ लांब जाईल. कदाचित येणारच नाही. पण वचन मागशील तर माझ्याकडे ते नाही, तुझ्या डॉक्टरांकडेही नाही. आम्हा मोठ्यांना वाटतं मुलांना काहीतरी ठाम द्यावं. माझे हात रिकामे आहेत, बाळ.

पोटभर जेव. उपाशी राहून ते पळत नाही, उलट तू थकशील. डॉक्टर सांगतील ते खा, पण पोटभर.

आणि बसून जेव. तुझा बाबा रोज संध्याकाळी तुझी वाट बघत ताटावर बसतो, आणि तू येत नाहीस. त्याला वाटतं हे त्यानं तुला दिलंय. तो ते तोंडानं म्हणू शकत नाही, म्हणून दोरखंडांचं बोलतो. तू त्याला माफ कर असं मी म्हणत नाही, माफ करण्यासारखं काही त्यानं केलेलंच नाही. त्याची समजूतही घालू नकोस, ती तुला जमणार नाही, मला जमली नाही. त्याच्या शेजारी जाऊन बस. तो दोरखंडांचं बोलला तर दोरखंडांचं ऐक.

मला इथून एवढंच करता येतं, तुझ्यावर माया. ती करू दे.

तुझी,
आत्या